संतोषाने द्यावे, पण मागावे कसे?

आमच्या मंडळीत रविवारच्या उपासनेत दान गोळा करण्यापूर्वी पाळक पवित्र शास्त्रातील एखादे वचन म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील असते: संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो. ते कानावर पडत असतानाच बाकांवर चुळबूळ सुरू होते, कोणी खिशातले पाकीट चाचपतो, कोणी रुमालाची गाठ सोडते, कोणी शेजारच्या लेकराच्या हातात दहाचे नाणे ठेवते, आणि पेटीवर गीताचे पहिले स्वर उमटतात. वचन इतके ओळखीचे झाले आहे की त्याच्या आधीचा भाग आता कोणाच्या ध्यानातही येत नाही. त्या भागात पौल म्हणतो की प्रत्येकाने आपल्या मनात ठरवले असेल तसे द्यावे, कुढत देऊ नये आणि द्यावेच लागते म्हणून देऊ नये. संतोषाची गोष्ट काढण्याआधी त्याने सक्तीची वाट बंद केली आहे. मी बरीच वर्षे पास्टरेट कमिटीत, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीत, आहे आणि दानाची मोजदाद करणाऱ्यांत बसतो. त्यावरून माझे मत असे बनत गेले आहे की या वचनाचा उपदेश आपण नेहमी देणाऱ्याला करतो, पण त्याचा निम्मा रोख मागणाऱ्याकडे आहे. देणाऱ्याने हसतमुखाने द्यावे अशी अपेक्षा असेल, तर न देण्याची मोकळीक त्याला खरोखर असली पाहिजे, आणि ती ठेवायची की हिरावून घ्यायची हे मागणाऱ्याच्या हाती असते.

याचा सर्वांत सविस्तर दाखला पवित्र शास्त्रातील निर्गमाच्या पुस्तकात आहे. मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, सुटून रानात तंबू ठोकून राहिलेल्या इस्राएल लोकांना परमेश्वरासाठी निवासमंडप, म्हणजे उपासनेचा मोठा तंबू, उभारायचा होता, आणि त्यांचा पुढारी मोशे याने सगळ्यांना एकत्र करून काय काय लागेल ते सांगितले: सोने, रुपे, पितळ, निळे, जांभळे व किरमिजी सूत, तलम सणाचे कापड, बकऱ्यांचे केस, लाल रंगवलेली मेंढ्यांची कातडी, बाभळीचे लाकूड, दिव्यांसाठी तेल, धूपासाठी सुगंधी मसाले. ज्याला मनापासून द्यावेसे वाटेल त्याने आणावे, एवढीच अट. त्यापुढचे वाक्य आपण वाचताना सहज ओलांडून जातो. पस्तिसाव्या अध्यायाच्या विसाव्या वचनात लिहिले आहे की हे ऐकून सगळे लोक मोशेपुढून निघून गेले. तेथल्या तेथे थैली फिरली नाही, कोणी पुढे येऊन आकडा जाहीर केला नाही, भाषणाचा ओलावा असेपर्यंत घेऊन टाकावे अशी घाई कोणी केली नाही. लोक आपापल्या तंबूंत गेले, आणि मग ज्यांच्या ज्यांच्या मनाने उचल घेतली ते वस्तू घेऊन परत आले. मधल्या वेळात तंबूंत काय बोलणे झाले असेल ते शास्त्र सांगत नाही, परंतु गाठोडे सोडून काय द्यायचे आणि काय ठेवायचे याचा विचार घरोघर झाला असणार, काहींनी काहीच न देण्याचे ठरवले असणार; आणि जे आले नाहीत त्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत.

नेमके हेच धोरण त्यानंतर कित्येक शतकांनी पौलाने ठेवलेले दिसते. इसवी सन ५५ च्या आसपास तो यरुशलेमेतील गरीब विश्वासणाऱ्यांसाठी ग्रीक प्रदेशातील मंडळ्यांकडून वर्गणी जमवत होता, आणि करिंथकरांना त्याने पहिल्याच पत्रात सांगून ठेवले होते की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावे, म्हणजे मी आल्यावर वर्गण्या गोळा करत बसायला नको. पौलासारखा वक्ता समोर उभा राहून मागू लागला असता तर रक्कम निश्चितच मोठी झाली असती, आणि ते त्याला ठाऊक नव्हते असे नाही. पण आपण समोर असताना पडणारा पैसा त्याला नको होता.

अर्थात पौलही माणूसच होता, हे दुसऱ्या पत्राचे आठवे आणि नववे अध्याय वाचताना जाणवते, आणि मला तर ते वाचताना दर वेळी थोडे हसू येते. मी आज्ञा करत नाही, असे तो म्हणतो. पण त्याआधीच मासेदोनियातील मंडळ्यांचे कौतुक करून घेतो की त्यांनी स्वतः कमालीच्या दारिद्र्यात असताना शक्तीबाहेर दिले, उलट आम्हालाच विनवून देण्याची परवानगी मागितली. मग हळूच सांगतो की त्या मासेदोनियाकरांपुढे मी तुमचीही फुशारकी मारून ठेवली आहे, तेव्हा त्यांच्यापैकी कोणी माझ्याबरोबर आले आणि तुमची तयारी दिसली नाही, तर आमची फजिती होईल, तुमची होईल असे तर मी म्हणतच नाही. आपल्याकडे जोशीबुवांनी पाटलांच्या दाराशी उभे राहून वरच्या आळीने किती दिले हे सांगावे, त्यातलाच हा प्रकार. तरीही एवढे सगळे लिहून झाल्यावर तो थांबतो आणि ठरवण्याचे काम त्यांच्या मनावर सोडतो. वर्गणीचा आकडा त्याने कोठेही सुचवलेला नाही. पुढे रोमकरांस लिहिलेल्या पत्रात मासेदोनिया आणि अखया या दोन्ही प्रांतांनी आनंदाने वर्गणी दिल्याचा उल्लेख आहे, आणि करिंथ अखयातच होते, त्यामुळे पत्राचा उपयोग झाला असे समजायला हरकत नाही.

अलीकडे मोठ्या मैदानांवर ज्या संध्याकाळच्या सभा भरतात, तेथे याच्या नेमके उलट चालते. संगीत टिपेला पोहोचलेले असते, लोकांचे डोळे पाणावलेले असतात, आणि त्या घटकेला लिफाफे वाटले जातात. शिवाय आज जो बी पेरील त्याला शंभरपट मिळेल असे व्यासपीठावरून सांगितले जाते. शंभरपटीच्या आशेने घातलेले पैसे दान नव्हेत, ती गुंतवणूक आहे, आणि तीही परताव्याची तारीख न लिहिलेली. माझा आक्षेप केवळ रकमेवर नाही. लोकांना घरी जाऊ न देता मागितले जाते, याला माझा आक्षेप आहे.

मात्र सक्तीची वसुली मुळातच वाईट, असे म्हणणारा मी नाही, आणि शास्त्रही तसे म्हणत नाही. निवासमंडपाच्या याच कामासाठी दुसऱ्या बाजूने चक्क एक पट्टी बसवलेली होती. वीस वर्षे व त्यावरील प्रत्येक पुरुषाने अर्धा शेकेल रुपे द्यायचे. श्रीमंताने अधिक द्यायचे नाही, गरिबाने कमी द्यायचे नाही. अडतिसाव्या अध्यायात त्याचा हिशेबच दिला आहे. गणती भरली ६,०३,५५० पुरुषांची, आणि रुपे जमले १०० किक्कार व १,७७५ शेकेल (ही दोन्ही त्या काळची वजने). एका किक्काराचे ३,००० शेकेल धरून कोणीही गणित करून पाहावे, ते अर्ध्या शेकेलापर्यंत जुळते. त्यातल्या १०० किक्कारांच्या १०० उथळ्या ओतल्या, म्हणजे मंडपाच्या फळ्या आणि अंतरपटाचे खांब ज्यांवर उभे राहायचे त्या बैठका, एकेक सुमारे ३४ किलोची. उरलेल्या १,७७५ शेकेलांतून खांबांच्या आकड्या वगैरे झाल्या. वरचे सगळे, म्हणजे सोन्याचा दीपवृक्ष, रंगीत पडदे, याजकांची वस्त्रे, हे ज्याने त्याने स्वेच्छेने आणलेल्या वस्तूंचे. जमिनीलगतचा भार समान पट्टीवर होता आणि डोळ्यांना दिसणारे वैभव मोकळ्या हाताने दिलेल्या देणग्यांचे होते.

हा फरक आपण पाळत नाही, हे आपल्या मंडळ्यांचे मोठे दुखणे आहे. विजेचे बिल, पाळकांचे वेतन, डायसिसला, म्हणजे बिशपच्या धर्मप्रांताला, पाठवायचा वाटा, कंपाउंडच्या भिंतीची डागडुजी हे खर्च ठरलेले आहेत, आणि त्यासाठी सभासदांकडून वार्षिक वर्गणी घेणे रास्त आहे. ती सर्वांना सारखी असावी, गरिबालाही न जाचणारी असावी, आणि तिला वर्गणीच म्हणावे. तिला अर्पण म्हटले की घोटाळा सुरू होतो, कारण मग न देणारा थकबाकीदार न राहता अभक्त ठरतो. माझ्या दोन मावशा दुसऱ्या गावच्या ज्या मंडळीत होत्या, तेथे वर्षाअखेरीस थकलेल्या वर्गणीदारांची यादी दाराशेजारच्या फळ्यावर टाचणीने लावत असत, आणि तिच्यावर शीर्षक असे ‘अर्पण बाकी’. मावशा दोघी सख्ख्या बहिणी, दोघी विधवा, एकीचे नाव यादीत आले. तिने नंतर पैसे भरले. पण प्रभुभोजनाच्या रविवारी ती पुढे जाईनाशी झाली. कोणी विचारले तर म्हणायची, “माझी बाकी फिटली, पण मन नाही फिटलं.” त्या कमिटीला तिचे पैसे मिळाले, एवढेच म्हणता येईल.

उलट बाजूनेही एक गोष्ट बोलली पाहिजे, ती म्हणजे लोक आनंदाने देतात एवढ्यावरून ते कारण चांगले ठरत नाही. निवासमंडपासाठी देणाऱ्या याच इस्राएल लोकांनी थोड्याच दिवसांपूर्वी कानांतली सोन्याची कुंडले काढून मोशेचा भाऊ अहरोन याच्या हवाली केली होती, आणि त्यांतून पूजेसाठी वासरू घडले होते. तेव्हाही कोणी कुरकुर केली नव्हती. उत्साहाच्या बाबतीत वासराची वर्गणी आणि निवासमंडपाची वर्गणी यांत डावे-उजवे करता येणार नाही. फरक पडतो तो नंतरच्या हिशेबात. वासराला किती सोने लागले ते कोठेही लिहिलेले नाही, आणि अहरोनाला विचारले तेव्हा त्याने, मी ते अग्नीत टाकले आणि हे वासरू बाहेर आले, असे उत्तर दिले; कोणत्याही खजिनदाराने दिलेले इतके अजब उत्तर माझ्या तरी वाचनात नाही. निवासमंडपाचे सोने मात्र २९ किक्कार ७३० शेकेल, असे नोंदून ठेवले आहे, आणि ही नोंद मंडपाची सेवा करणाऱ्या लेवीयांनी अहरोनाचा मुलगा इथामार याच्या देखरेखीखाली केली, हेही सांगितले आहे. बापाने जे केले नाही ते मुलाच्या माथी पडले, असे मला उगाच वाटते.

पौलानेही यरुशलेमेची वर्गणी एकट्याच्या खांद्यावर घेतली नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर त्याने आणखी दोन बंधू पाठवले, त्यांतल्या एकाला मंडळ्यांनी स्वतः नेमले होते, आणि कारण स्पष्ट लिहिले की एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतीत आमच्यावर कोणी ठपका ठेवू नये. प्रभूच्या दृष्टीने जे योग्य तेच नव्हे, तर माणसांच्या दृष्टीनेही योग्य ते आम्ही पाहतो. देव पाहतो आहे, एवढ्यावर त्याने भागवले नाही. आमच्याकडे उपासना संपल्यावर वेस्ट्रीतल्या, म्हणजे चर्चच्या आतल्या खोलीतल्या, टेबलावर थैल्या उलट्या करतात, तेव्हा मोजायला दोघे बसलेच पाहिजेत असा नियम आहे, आणि तो आम्ही मोडत नाही. नाण्यांच्या दहादहाच्या चळती लावायच्या, नोटा एका तोंडाने रचायच्या, दशमांशाची पाकिटे वेगळी, उपकारस्तुतीची वेगळी, मग दानवहीत आकडा अंकांत आणि अक्षरांत लिहून दोघांच्या सह्या. उपकारस्तुतीच्या पाकिटांवर लोक कारण लिहितात: नातू झाला, बायकोचे ऑपरेशन बरे झाले, बोअरला पाणी लागले. एका पाकिटात नेहमी एकच नोट असते, चार घड्या घालून बोराएवढी केलेली, आणि पाकिटावर नाव नसते, फक्त ‘उपकार’ एवढा शब्द. ती घडी उलगडायला वेळ लागतो. माझ्या जोडीला बसणारे मास्तर दर वेळी वैतागतात आणि दर वेळी ती नोट स्वतःच उलगडतात.

आता दाराशी क्यूआर कोडही लागला आहे. तरुण मंडळी येता-जाता मोबाईल धरून मोकळी होतात, रक्कम वाढली आहे हे खरे, आणि मी काही त्याच्या विरोधात नाही. उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये, असे येशूने सांगितले होते. क्यूआर कोडमुळे शेजाऱ्याला काही कळत नाही, पण खजिनदाराच्या फोनवर मात्र नाव, वेळ आणि रक्कम तिन्ही टुणकन येऊन बसतात. आमच्या खजिनदारांनी ती सूचना बंद करून ठेवली आहे आणि महिन्याअखेरीस बँकेच्या विवरणातून फक्त एकूण रक्कम वहीत घेतात.

महाराष्ट्रातील मराठी ख्रिस्ती समाजाला स्वखुशीने देण्याची सवय लागायला बराच काळ गेला, आणि त्याचे कारणही देणाऱ्यांत कमी आणि व्यवस्थेत अधिक होते. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ मध्ये आणि अहमदनगरला १८३१ मध्ये सुरू झाले. शाळा, दवाखाने, इमारती, शिक्षक आणि उपदेशक यांचे पगार हे सारे समुद्रापलीकडून आलेल्या पैशांवर चाले. तेथल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांनी पै-पै जमवून पाठवलेले ते पैसे होते, म्हणजे तेही कोणाचे तरी स्वेच्छेचे दानच. पण येथे पोहोचेपर्यंत त्याचा पगार झालेला असे. १८५४ मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली, तेव्हा पाळकाला पोसणे ही मंडळीची जबाबदारी आहे हा विचार पुढे आला. तरी ‘मिशन आहे ना’ हे वाक्य आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत जिवंत होते. छप्पर गळले तरी मिशन, मास्तर आजारी पडले तरी मिशन. ज्यांच्याकडे कोणी कधी मागितलेच नाही, त्यांना देण्याचा आनंद ठाऊक तरी कसा व्हावा?

या पार्श्वभूमीवर रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून सातारला ‘देवाचा दरबार’ सुरू केला, ही घटना मला फार धाडसाची वाटते. देवाच्या कामाला पगाराची वेसण नको, हा त्यांचा आग्रह होता. पण टिळकांचे नाव काढले की त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ आठवल्याशिवाय राहत नाहीत, आणि त्यात देणारा हात जितका दिसतो तितकीच त्या हाताने रिकामे केलेले घर सांभाळणारी बाईही दिसते. टिळकांकडे पैसा टिकत नसे. समोर गरजू आला की जे असेल ते जाई, आणि संध्याकाळच्या चुलीची काळजी लक्ष्मीबाईंना पडे. त्या हे सगळे इतक्या विनोदाने सांगतात की आपण हसत सुटतो आणि मग उशिरा ध्यानात येते की येथे देणारी माणसे दोन आहेत, विचारले मात्र एकालाच गेले आहे. दुसऱ्याच्या पानातले उचलून देणे सोपे असते. टिळकांविषयी माझ्या मनात अपार आदर आहे, पण या बाबतीत माझे मत लक्ष्मीबाईंच्या बाजूने पडते. पौलानेही, माणसाजवळ जे आहे त्या मानाने दान मान्य होते, नाही त्या मानाने नव्हे, असे लिहून ठेवले आहे, आणि दुसऱ्यांना आराम व्हावा म्हणून तुमची ओढाताण व्हावी असा माझा हेतू नाही, असेही. निवासमंडपाच्या वेळी पुरुष आणि स्त्रिया दोघेही आले, असे शास्त्र मुद्दाम सांगते; ज्या बायका सूतकताईत निपुण होत्या त्यांनी स्वतःच्या हातांनी निळे, जांभळे सूत कातून आणले, काहींनी बकऱ्यांचे केस कातले. त्यांचे दान त्यांच्या बोटांतले होते, नवऱ्याच्या संमतीचे नव्हते.

हातचे देण्याचा हा प्रकार आजही पाहायचा असेल तर खेड्यातल्या मंडळीत हंगामाचा सण पाहावा. पीक घरात आले की एक रविवार ठरतो आणि वेदीपुढचा सगळा चौथरा भरून जातो: बाजरीची कणसे, ज्वारीची पायली, मेथीच्या जुड्या, भोपळे, खांबांना बांधलेले उसाचे टिपरे, पाय बांधून ठेवलेली आणि प्रार्थनेत मध्येच कलकलाट करणारी गावरान कोंबडी. ज्याच्याकडे शेत नाही तो किराणा दुकानातून साखरेची पुडी आणतो. उपासना झाली की बाहेर लिंबाखाली लिलाव होतो. एकदा एका पोराने घरच्या कोंबडीचे एकच अंडे आणले होते. लिलाव पुकारणाऱ्याने ते दोन बोटांत उंच धरले, “अंडं एक! बोला, वीस रुपये! एक वार, दोन वार...” मास्तरांनी ते पन्नासाला घेतले आणि म्हणाले, “परत लावा.” मग ते दुसऱ्याने घेतले, त्यानेही परत दिले, आणि ते अंडे हातोहात फिरत राहिले. शेवटी मागून कोणीतरी ओरडले, “अहो, पुरे करा, एवढ्यात त्याची कोंबडी झाली असती!” सगळे लिंबाखाली पोट धरून हसत होते आणि ते पोर अंड्याच्या मालकाच्या थाटात छाती काढून उभे होते.

त्याच सणाला एक आजी ओट्यात शेंगा घेऊन आली. तिची परिस्थिती सगळ्या गावाला माहीत होती; दुसऱ्यांच्या रानात सरवा वेचून तिने त्या जमवल्या होत्या. एका कमिटी मेंबराने चांगल्या मनानेच तिला म्हटले, “आजी, तुम्ही कशाला आणलंत? तुम्हालाच ठेवा ना.” आजी फणकारली, “माझ्या देवाला मी आणलंय. तू कोण रे मधी?” मेंबर वरमला आणि शेंगा चौथऱ्यावर ठेवल्या गेल्या. मासेदोनियाकरांनी देण्याची परवानगी मागितली होती, ते वाक्य मला त्या दिवशी नीट समजले. गरिबाकडून सक्तीने घेणे जितके वाईट, तितकेच त्याचे दान दयेपोटी नाकारणेही वाईट आहे. न देण्याची मोकळीक जशी हवी तशी देण्याचीही हवी.

म्हणूनच विधवेच्या दमडीची गोष्ट ज्या तऱ्हेने आपण दानाच्या उपदेशात वापरतो ती मला रुचत नाही. एवढ्या गरीब बाईने सगळे टाकले, मग तुम्ही किती टाकायला हवे, असा तिचा हिशेब मांडला जातो. मार्काच्या शुभवर्तमानात येशू मंदिराच्या भांडारासमोर बसून लोक पैसे कसे टाकतात ते पाहत होता. त्याने त्या बाईकडे काही मागितले नाही, तिला थांबवले नाही, तिला बोलावून तिचे कौतुकही केले नाही. जे सांगायचे ते शिष्यांना जवळ बोलावून सांगितले. ती तेथून निघून गेली असणार आणि आपल्याविषयी काही बोलणे झाले हे तिला कळलेही नसणार. शिवाय त्याच्या अगदी आधीच्या वचनांत लांबलचक प्रार्थना करणारे आणि विधवांची घरे गिळणारे शास्त्री येतात. मार्काने या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, आणि भांडाराच्या किल्ल्या ज्यांच्याकडे असतात त्यांनी तरी दुसरी वाचण्याआधी पहिली वाचावी.

निवासमंडपाच्या हकिगतीत यापुढे जे घडते त्याला मला अन्यत्र कोठे जोड सापडलेली नाही. लोक रोज सकाळी आणतच राहिले, तेव्हा बसालेल, अहलियाब आणि इतर कारागीर हातातली कामे सोडून मोशेकडे आले आणि म्हणाले की कामाला लागते त्यापेक्षा लोक फार अधिक आणत आहेत. मोशेने छावणीभर दवंडी पिटवली की आता कोणाही पुरुषाने किंवा स्त्रीने काही आणू नये. लोकांना आवरावे लागले. तक्रार कारागिरांनी केली, ज्यांना नेमके किती कापड आणि किती सोने लागणार हे ठाऊक होते त्यांनी. आणि मोशेने ती ऐकली, हे तितकेच महत्त्वाचे. उरेल ते पुढच्या कामाला होईल, किंवा असू द्या गंगाजळी म्हणून, असे त्याला कोणीतरी सुचवले नसेल असे मला वाटत नाही.

आमच्या चर्चची मंगळुरी कौले दोन पावसाळे गळत होती. वासे बदलून कौले फेरायची होती, त्यासाठी वेगळा निधी उघडला, अंदाजपत्रक नोटीस बोर्डावर लावले आणि दर महिन्याला जमलेली रक्कम त्याच्याच खाली लिहीत गेलो. रक्कम पुरी झाली त्या रविवारी खजिनदार उभे राहिले आणि म्हणाले, “छताचा निधी पूर्ण झाला आहे. यापुढे छतासाठी कोणी देऊ नये.” क्षणभर लोकांना कळेना की हे काय ऐकले. उपासनेनंतर एक वयस्क काका लिफाफा घेऊन त्यांना गाठून उभे राहिले.

“आता याचं काय करू? उसाचं बिल आल्यावर देणार होतो. कालच आलं.”

“तुमच्याकडेच ठेवा, काका.”

“असं कधी चर्चमध्ये कोणी म्हणतं का? घ्या हो, कशालाही लावा.”

“कशालाही लावायला घेत नाही. काम निघालं की सांगू.”

काका रागावूनच गेले. कमिटीच्या पुढच्या बैठकीत खजिनदारांवर बरीच टीका झाली, आलेली लक्ष्मी परत पाठवली असे दोघांनी ऐकवले, आणि छताचा निधी ‘सुशोभीकरण’ या नावाने चालू ठेवावा असा ठरावही मांडला गेला. खजिनदारांनी विचारले, कशाचे सुशोभीकरण, आणि किती रुपयांचे? त्यावर बराच वेळ चर्चा होऊनही उत्तर निघाले नाही. बायकांसाठी स्वच्छतागृह हवे, हे मात्र दोन भगिनींनी ठामपणे सांगितले आणि ते सर्वांना पटले. त्याचे अंदाजपत्रक गवंड्याकडून अजून यायचे आहे, आणि ते येऊन बोर्डावर लागेपर्यंत काकांचा लिफाफा काकांच्याच कपाटात आहे.